पट्टी उमटली, पण ती कोणाची?

वेस्टर्न ब्लॉट ही नमुन्यात एखादे प्रथिन आहे का हे ओळखण्याची प्रयोगशाळेतली पद्धत. तीत नमुन्यातली प्रथिने आधी जेलमध्ये आकारानुसार वेगळी करतात आणि मग एका पातळ पडद्यावर उतरवतात. पडद्याच्या रिकाम्या जागेवर प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थाला धरणारी शरीरातली प्रथिने) चिकटू नयेत म्हणून तो बहुतेकदा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या द्रावणात भिजवून ठेवतात. त्यानंतर हव्या त्या प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड घालायचे, धुवायचे आणि या प्रतिपिंडाला पकडणारे, खूण लावलेले दुसरे प्रतिपिंड घालायचे. शेवटी एक काळी पट्टी उमटते. असंख्य शोधनिबंधांचे निष्कर्ष या पट्टीवर उभे आहेत. ती नक्की त्याच प्रथिनाची का, याची कसून तपासणी मात्र फार उशिरा सुरू झाली.

१८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की प्रतिकारक्षम झालेल्या प्राण्याच्या सीरममध्ये विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी असते. तेव्हा हेतू उपचाराचा होता. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला, आणि ते कुठे जाऊन बसले हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले.

रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची गोष्ट मला विशेष वाटते. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे त्यांचे म्हणणे कोणी मानायला तयार नव्हते. निबंध नाकारला गेला. १९५६ साली तो छापून आला तोही शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढल्यावर. पुढे याच प्रतिपिंडांच्या आधारे, किरणोत्सर्गी खूण लावलेले इन्सुलिन वापरून, त्यांनी रक्तातले अत्यल्प इन्सुलिन मोजून दाखवले. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवॉल आणि पर्लमन यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या जागी विकर (एन्झाइम) वापरले, तीच एलायझा ही चाचणी.

तोवरची प्रतिपिंडे प्राण्यांच्या सीरममधली, म्हणजे अनेक प्रकारांचे मिश्रण. तो प्राणी गेला की नेमके तेच मिश्रण पुन्हा मिळणे नाही. १९७५ मध्ये केंब्रिजला क्योलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचा कर्कपेशीशी संयोग घडवला आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके काढता येऊ लागले. १९७९ मध्ये ब्लॉटची पद्धत आली. ‘वेस्टर्न’ हे नाव १९८१ मध्ये बर्नेट यांनी दिले. सदर्न या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डीएनएच्या ‘सदर्न’ (दक्षिणेचा) पद्धतीवरून, कारण त्यांची प्रयोगशाळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होती.

पुढे प्रतिपिंडे विकत मिळू लागली आणि बाटलीवरच्या लेबलावर विश्वास ठेवण्याची सवय लागली. २००८ मध्ये मानवी प्रथिनांची नोंद करणाऱ्या ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलस या प्रकल्पाच्या संशोधकांनी बाजारातली पाच हजारांहून अधिक प्रतिपिंडे तपासली, तेव्हा त्यांतली निम्मीसुद्धा कसोटीला उतरली नाहीत. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन या संशोधकांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने मागणी केली, की प्रत्येक प्रतिपिंडाचा जनुकीय क्रम माहीत असावा आणि त्यावरूनच ते बनवावे.

आता जेलमध्ये शेजारच्या रांगेत, ज्यांतून त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकले आहे अशा पेशींचा नमुना घालतात. पट्टी तिथेही तशीच उमटली, तर प्रतिपिंडाने धरलेले प्रथिन दुसरेच आहे.