चिकनगुनियानंतरची सांधेदुखी

चिकनगुनियाचा ताप उतरल्यावर हातापायांच्या सांध्यांत आठवडे, महिने आणि काही जणांत वर्षानुवर्षे टिकणारी वेदना, सूज व ताठरपणा. विदर्भातल्या खेड्यांत ‘तापानं सांधे धरले’ असे कोणी सांगितले की पुष्कळदा हेच दुखणे असते. ताप तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात जातो आणि मृत्यू क्वचितच ओढवतो. त्यामुळे हा रोग सौम्य म्हणून गणला जातो. मात्र ज्या घराची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्या घराला ताप उतरल्यानंतरचे महिनेच जड जातात.

डासांमार्फत पसरून हा ताप आणणारा विषाणू १९५२ साली आफ्रिकेत, आजच्या टांझानियातल्या एका साथीत प्रथम आढळला. रोगाचे नाव तिथल्या माकोंडे भाषेतले असून त्याचा अर्थ ‘वाकून जाणे’ असा आहे. दुखणाऱ्या सांध्यांमुळे कमरेत वाकून चालणारा रोगी ज्याने पाहिला आहे, त्याला हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथी आल्या. नंतर तीसएक वर्षे हा रोग जवळजवळ विसरला गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. एकदा हा ताप येऊन गेला की बहुधा पुन्हा येत नाही, पण त्या वेळच्या तरण्या पिढीने तो पाहिलेलाच नव्हता. म्हणून एका घरातली सगळी माणसे एकाच आठवड्यात आडवी झाली. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या भागात पुन्हा मोठी साथ आली.

दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असते. मनगटे, बोटांचे सांधे, घोटे, गुडघे, कधी खांदे. सकाळी उठल्यावर ते सर्वांत जास्त असते: मूठ वळत नाही, बादलीची कडी धरवत नाही, टाचा जमिनीला लावल्या की कळ थेट पोटरीत जाते. दिवस चढेल तसे अंग सुटते. काहींना महिना-दीड महिना बरे वाटते आणि आभाळ आले किंवा थंडी पडली की दुखणे उलटते. सोबत थकवा, झोप न लागणे, केस गळणे, मन खचणे हेही असते. काहींच्या नाकावर आणि गालांवर काळपट डाग पडतात. ते हळूहळू फिकट होतात, पण लग्नाच्या वयातल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना त्याची फार चिंता लागते.

पहिल्या तीन आठवड्यांचे दुखणे तापाचाच भाग समजतात. तीन महिन्यांपलीकडे गेले की ते जुनाट. किती जणांत ते इतके लांबते, याचे प्रमाण साथीगणिक बदलते; काही साथींत ते निम्म्याच्या आसपास गेलेले आहे. कारण पुरते उलगडलेले नसले तरी सांध्याच्या आतल्या अस्तरात विषाणूचे अंश ताप गेल्यावरही रेंगाळतात आणि त्यांच्याविरुद्ध उठलेला शरीराचा प्रतिकार वेळेत शमत नाही, असे दिसते.

धोका सर्वांना सारखा नसतो. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्यांत, स्त्रियांत, आधीपासून संधिवात किंवा सांध्याला जुनी दुखापत असलेल्यांत, मधुमेह व रक्तदाब असलेल्यांत दुखणे लांबण्याची शक्यता अधिक. तापातच ज्यांचे सांधे फार सुजले होते, त्यांनी तर पुढच्या महिन्यांची तजवीज आधीच करावी. आता ही यादी वावरात काम करणाऱ्या बायांपुढे धरून पाहावी. चाळिशीतली बाई, वीस-पंचवीस वर्षे निंदण आणि रोवणी केलेले गुडघे, कधी तपासलीच नाही अशी साखर. यादीतल्या बहुतेक गोष्टी तिच्यात एकत्र सापडतात.

त्यात ऋतूही वैरी. डासांचा जोर श्रावण-भाद्रपदात असतो आणि तेव्हाच ताप येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात तो रोवणीच्या शेवटाला गाठतो. वऱ्हाडात दुखणे पुढे सरकत सोयाबीनच्या सोंगणीत आणि मग कापसाच्या वेचणीत उतरते. वेचणी दुरून हलके काम वाटते. जवळून पाहिले तर अंगठा आणि पहिली दोन बोटे यांची चिमट उमललेल्या बोंडात घालून कापूस एका झटक्यात ओढायचा असतो. बोंडाची टोके वाळून काट्यासारखी झालेली असतात. दिवसभरात ही चिमट हजारो वेळा घ्यावी लागते, आणि चिकनगुनियाने धरलेले असतात ते नेमके बोटांचे आणि मनगटाचे सांधे. वेचणीची मजुरी किलोवर. सीतादही (वेचणीच्या आरंभीची वावरातली पूजा) होऊन पहिला वेचा सुरू झाला की सोबतिणींच्या ओट्या भरत जातात आणि हिची अर्धीच राहते. संध्याकाळच्या काट्यावर तो फरक पैशांत दिसतो. सरकारी आकडे तापाच्या रुग्णांचे असतात, हा फरक त्यांत येत नाही. साथीच्या मोजदादीतली ही मोठी उणीव म्हणावी लागेल.

दुखणे चिकनगुनियाचेच आहे का, हे ठरवताना विदर्भात जास्त सावध राहावे लागते. पहिल्या आठवड्यात विषाणूची थेट तपासणी होते, नंतर रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे ताज्या संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, पाहतात. त्यासाठीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. तपासणी न करता प्रत्येक सांधेदुखी चिकनगुनियाच्या खात्यावर टाकण्याची सवय मात्र घातक आहे. या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांची हाडे-सांधे दुखण्याची कळ निराळी, उपचार निराळे, आणि कोणत्याही तापाने ती उसळू शकते. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे; तिथे सुजलेला पाय पाहून घोटाळा होतो. खरा आमवातही (रुमॅटॉइड संधिवात) चिकनगुनियासारखाच दिसतो, पण तो सांधे झिजवून वाकडे करतो. तो वेळेत ओळखला नाही तर पुढे हात सरळ होत नाहीत.

विषाणूवर नेमके औषध नाही. तापात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि आराम. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण रक्तस्राव होऊ शकतो. सुजलेल्या सांध्याला सुरुवातीला गरम शेक देण्याची आपल्याकडे घाई असते. त्या काळात थंड पाण्याची पट्टी बरी. सूज उतरली की सांधे हळूहळू हलवत राहावे, नुसते बाजेवर पडून राहिले तर ते आणखी आखडतात. बिब्ब्याचा चटका देऊ नये. बिब्बा उततो, फोड येतात, आणि दुखण्यात जखमेची भर पडते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते ‘एका सुईत उभं करतो’ म्हणणाऱ्यांमुळे. त्या सुईत किंवा कागदात बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. माणूस खरोखरच दुसऱ्या दिवशी वावरात जातो, म्हणून विश्वास बसतो. औषध थांबले की दुखणे दुपटीने येते, पुन्हा सुई लागते. महिनोन्महिने असे चालले की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि सुई एकदम बंद करणेही धोक्याचे ठरते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज खाण्याने मूत्रपिंड व पोट बिघडते. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवणे योग्य. तिथे गरजेप्रमाणे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट ही सांध्यांची सूज आवरणारी औषधे देतात, रक्ताच्या तपासण्या करत. बहुतेकांचे दुखणे काळाने कमी होते, हे रोग्याला स्पष्ट शब्दांत सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. आपण कायमचे लुळे होणार या भीतीनेच अनेकजण सुईकडे वळतात.

हा रोग पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या खारपाणपट्ट्यात आणि जिथे नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथे ड्रम, रांजण, टाकी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, त्यामुळे ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला निरर्थक ठरतो. झाकण, फडक्याने बांधलेले तोंड आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, एवढेच शक्य आहे. विदर्भातली आणखी एक जागा म्हणजे कुलर. मृगाचा पाऊस पडला की तो बंद होतो आणि टाकीत तळाला बोटभर पाणी तसेच राहते. ते ओतून देणे पुरेसे नाही: एडिसची अंडी टाकीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. कुलर माळ्यावर चढवण्याआधी टाकीची आतली बाजू काथ्याने खरडून घासावी लागते.