जबाबदार गुंतवणुकीत बायका-पुरुषांचा फरक: हे आलं कुठून?

बायकांना सोशली रिस्पॉन्सिबल इन्व्हेस्टिंग, म्हणजे नफ्यासोबत कंपनी समाजासाठी चांगलं वागते की वाईट हेही बघून पैसे लावणं, जास्त पटतं आणि पुरुष आधी रिटर्न बघतात असं सर्रास बोललं जातं, सर्व्हेंमध्येही कल बऱ्याचदा तसाच दिसतो, पण ‘बायका मुळातच मायाळू’ असं म्हणून लोक मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही.

अशा गुंतवणुकीची सुरुवात धर्मातून झाली. १७५८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी (हा एक ख्रिश्चन पंथ) गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना मंडळीच्या कारभारापासून लांब ठेवायचं ठरवलं, पुढे दारू, तंबाखू, जुगार यातला पैसाही नको असं होत गेलं. तेव्हा इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची स्वतःची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची असायची, ते बदललं १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. मग गुंतवणुकीबद्दल तिचं मत विचारणार कोण?

खरी गोष्ट १९६८ ची. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, आणि बॉस्टनमध्ये अ‍ॅलिस टेपर नावाच्या तरुण अ‍ॅनालिस्टकडे एक ज्यू प्रार्थनामंदिर आलं की आमचे पैसे युद्धाला माल पुरवणाऱ्या कंपन्यांत नको, तशी यादी करून द्या. आता कुठली कंपनी काय बनवते हे एका जागी मिळतच नव्हतं, ते तिला स्वतः खणून काढावं लागलं, आणि त्यातूनच १९६९ मध्ये तिने कौन्सिल ऑन इकॉनॉमिक प्रायॉरिटीज ही कंपन्यांची वागणूक तपासणारी संस्था काढली. १९७१ ला दोन मेथडिस्ट पाद्र्यांनी पॅक्स वर्ल्ड फंड हा असाच नीती पाळणारा म्युच्युअल फंड काढला तो याच वातावरणात. पुढे १९८२ मध्ये जोन बव्हेरिया हिची अशीच गुंतवणूक सांभाळणारी फर्म, १९९० मध्ये एमी डोमिनी आणि तिच्या सहकाऱ्यांचा अशा निकषांवर निवडलेल्या ४०० कंपन्यांचा शेअर इंडेक्स. आणि लंडन स्टॉक एक्सचेंजने बायकांना मेंबर करून घेतलं कधी, तर १९७३ मध्ये! अमेरिकेत बाई म्हणून कर्ज नाकारायला बंदी आली १९७४ ला. म्हणजे दार उघडत होतं तेव्हाच काही जणी हे क्षेत्र उभं करत होत्या, हे कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

बार्बर आणि ओडीन या दोन संशोधकांचा २००१ चा अभ्यास यात नेहमी ओढला जातो, पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त ट्रेडिंग करतात वगैरे, पण तो अतिआत्मविश्वासाबद्दल आहे, नीतीबद्दल नाही, दोन्हीची खिचडी करू नये. शिवाय सर्व्हेत ‘हो, मला चालेल’ म्हणणं वेगळं आणि खरंच पैसे लावणं वेगळं, आणि खातं नवऱ्याच्या नावावर असेल तर व्यवहाराच्या आकड्यांत बायकोचं मत येतच नाही.