मुलगा की मुलगी? आई ठरवते

मुंबईतल्या जुन्या इमारतींत मोरीच्या जाळीवर किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काळी, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची गांधीलमाशी दिसते. डोळे निळे, पोट इवलंसं, चपटं. चालताना ते झेंड्यासारखं सारखं खालीवर हलतं. तिचं नाव इव्हानिया. तिला कृपा करून झाडूने मारू नका. ती माणसाच्या वाटेला जात नाही, ती झुरळांची अंडी शोधत असते.

झुरळाची मादी कडक, तपकिरी डबीत अंडी घालते. अमेरिकन झुरळाच्या डबीत ती साधारण 16 असतात. इव्हानिया डबीला भोक पाडून आत आपलं एकच अंडं सोडते. अळी सगळी अंडी फस्त करते, तिथेच कोषात जाते आणि माशी होऊन गोल भोक कुरतडत बाहेर येते. एकच अंडं का? तर तेवढ्या शिध्यावर एवढी मोठी एकच माशी पोसली जाते. यजमानाला संपवूनच वाढणाऱ्या या परोपजीवी कीटकांचं प्रजनन अशा हिशेबांतून घडत आलं आहे.

नॅसोनिया ही चिमुकली गांधीलमाशी मात्र मांसमाशीच्या एका कोषात 20-30 अंडी घालते, आणि तिथे हिशेब खरा रंगतो. गांधीलमाश्यांत फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. आईकडे शुक्राणू साठवलेले असतात. अंडं घालताना ते सोडायचे की नाही, हे तिच्या हाती. नॅसोनियाच्या नरांचे पंख आखूड, उडता येत नाही. ते जन्मल्या जागीच, बहुतेकदा सख्ख्या बहिणींशी मीलन करतात. मुलगे जास्त झाले तर आपसातच झगडणार, नातवंडं काही वाढणार नाहीत. म्हणून एकटी आई मोजकेच मुलगे घालते. कोषात आधीच दुसरीची अंडी असली, तर मात्र हिचे मुलगे वाढतात. आता त्यांना परक्या मुलीही मिळणार असतात. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी हे गणित 1967 मध्ये मांडलं, पुढे नॅसोनियावरच्या प्रयोगांत ते खरं उतरलं. एवढ्याशा जिवाला हे साधतं, याचं मला फार नवल वाटतं.

उसाच्या खोडकिडीला आवर घालायला शेतकरी ट्रायकोकार्ड लावतात; त्या कार्डावरच्या पतंगांच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. या ट्रायकोग्रामाच्या कुळात तर काही ठिकाणी नरच सापडत नाहीत. हे काम वोल्बाकिया या जीवाणूचं. तो आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, नराकडून त्याला वाट नाही; म्हणून अफलित अंड्यांच्याही तो माद्या करून टाकतो. अशा माद्यांना प्रतिजैविक खाऊ घातलं की त्यांच्या अंड्यांतून पुन्हा नर निघू लागतात.