मार्मिक कोण, वाक्य की वाचक?

पुस्तक-परीक्षणांत 'मार्मिक' हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे. लेखकाचे भाष्य मार्मिक, निरीक्षण मार्मिक, शेवटची ओळही मार्मिकच. या शब्दाच्या पोटात मात्र एक शस्त्र दडलेले आहे.

मर्म म्हणजे घाव बसला तर जिवावर बेतेल अशी शरीरातली जागा. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या युद्धसूक्तात योद्ध्याला म्हटले आहे, 'मर्माणि ते वर्मणा छादयामि' : तुझी मर्मे मी चिलखताने झाकतो. पुढे सुश्रुतसंहितेने शरीरातली १०७ मर्मे मोजली आणि मर्मांचे ज्ञान म्हणजे निम्मे शल्यशास्त्र, असे सांगितले. ज्याला शस्त्र चालवायचे, त्याला ते कुठे चालवू नये हे आधी कळायला हवे!

ऋचेतल्या 'वर्म'ची मराठीत गंमत झाली. संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, पण आपण वर्मावर बोट ठेवतो ते झाकलेली दुखरी जागा उघडी पाडण्यासाठी. हे मराठी वर्म चिलखताचे नव्हे, ते मर्माचेच बदललेले रूप मानले जाते. तुकोबांच्या 'विष्णुमय जग' या अभंगात ते आणखी पुढे जाते. 'कोणाही जीवाचा न घडो मत्सर । वर्म सर्वेश्वरपूजनाचें' इथे जखमेचा मागमूसही नाही. इथे वर्म म्हणजे सगळ्या पूजेचे इंगित.

साहित्याच्या अंगाने पाहिले तर मार्मिक हे आधी माणसाचे विशेषण होते. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार केले : कवीची कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. म्हणजे कवितेचे मर्म ओळखणे हीसुद्धा प्रतिभाच. सतराव्या शतकात, शाहजहानच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ पंडिताने हेच दोन ओळींत बसवले :

तत्त्वं किमपि काव्यानां जानाति विरलो भुवि ।
मार्मिकः को मरन्दानामन्तरेण मधुव्रतम् ॥

काव्याचे तत्त्व जाणणारा विरळा. भुंग्यावाचून मधाचा मार्मिक दुसरा कोण? यात फूल मार्मिक नाही, मधही नाही. मार्मिक आहे तो चाखणारा. जुन्या मराठी गद्यातली 'मार्मिक वाचक' ही जोडी याच अर्थाची.

नंतर हे विशेषण वाचकाकडून मजकुराकडे सरकले. माझ्या मते त्यात शब्दाचे थोडे नुकसानच झाले, कारण जाणण्याचे कष्ट वाचकाच्या अंगावरून उतरले. टोचणारी, नेमकी जागा गाठणारी उक्ती म्हणजे मार्मिक, हा अर्थ व्यंगचित्राला तर फारच मानवतो. १९६० साली निघालेल्या व्यंगचित्र-साप्ताहिकाचे नाव 'मार्मिक' होते, ते उगीच नव्हे.

हिंदीत हाच शब्द वेगळ्या वाटेने गेला. तिथे 'मार्मिक कहानी' म्हणजे काळजाला हात घालणारी, डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट. मर्मावरचा घाव हिंदीने भावनेत जपला, मराठीने बुद्धीत. हल्ली मराठी बातम्यांतही करुण प्रसंगाला 'मार्मिक' म्हटलेले दिसते, ते या हिंदी वळणाने. त्यासाठी आपल्याकडे हृदयस्पर्शी आहे, हृदयद्रावक आहे, आणि घाव खरोखरच खोल असेल तर मर्मभेदकही आहे.