पवनचक्कीखालची मोजदाद

ठाणे खाडीत पवनचक्क्या नाहीत, आणि त्या नसाव्यात याबद्दल ऐरोलीत काय किंवा पलीकडे मुलुंडला काय, फारसं दुमत व्हायचं नाही. इथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता. पण नवी मुंबईचे एसी ज्या ग्रीडवर चालतात, तिच्यात सातारा-धुळ्याच्या पवनचक्क्यांचीही वीज असते. तेव्हा तिथल्या पात्यांनी मरणाऱ्या पाखरांचा आणि वटवाघळांचा हिशेब थोडा आपल्याही खात्यावर येतो.

तो हिशेब ठेवण्याची एक पद्धत म्हणजे अनुकूली व्यवस्थापन. उपाय करायचा, परिणाम मोजायचा, आकडे सांगतील तसा उपाय बदलायचा. किती जीव गेले तर काय करायचं, हे चक्की फिरण्याआधीच लिहून ठेवायचं, म्हणजे नंतर घासाघीस नको.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कॅसलमन प्रकल्पात २००८-०९ मध्ये असा एक प्रयोग झाला. वटवाघळं प्रामुख्याने मंद वाऱ्याच्या रात्री उडतात, आणि त्या वाऱ्यात वीजही नाममात्रच मिळते. म्हणून काही चक्क्या रात्री सेकंदाला साडेतीन मीटरऐवजी पाच किंवा साडेसहा मीटर वारा सुटल्यावरच चालू होऊ दिल्या. वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. वर्षभराच्या विजेतली तूट मात्र एक टक्क्याच्या आतबाहेर.

खरी मेख मोजणीत आहे. टॉवरखाली दहा वटवाघळं सापडली म्हणजे दहाच मेली असं नाही. काही कावळ्या-कोल्ह्यांनी पहाटेच उचललेली असतात. मुठीत मावणारं तपकिरी वटवाघूळ वाळल्या गवतात पायाशी असलं तरी दिसत नाही. म्हणून अभ्यासक स्वतःच काही मृत प्राणी गुपचूप ठेवून येतात. शोधणाऱ्याला त्यांतले किती सापडले, किती दोन-चार दिवसांत गायब झाले, यावरून खऱ्या आकड्याचा अंदाज बांधतात. शिकवलेला कुत्रा या कामात माणसाला सहज मागे टाकतो.

नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार चक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून अधिक घटले. पण चक्क्या चारच! तेवढ्यावर सगळीकडे रंगाचे डबे उघडणं घाईचं होईल.

शिवाय नुसते मृतदेह मोजूनही भागत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर ठिकाणांच्या जवळपास चौथाई होते. परिणामी गळ्याला निळी-केशरी पिशवी असलेले सरडे वाढले आणि माणूस जवळ आला तरी पळेनासे झाले. जो पक्षी तिकडे फिरकतच नाही, तो टॉवरखाली मरून तरी कसा सापडणार?

कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, त्या आपल्याकडच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे आधीची मोजणी बहुतेक राहूनच जाते. आणि चुकीच्या जागी उभा राहिलेला टॉवर मागाहून कितीही मोजलं तरी हलत नाही.

खाडीवरून गेलेल्या उच्चदाब तारांना मात्र ही पद्धत लावता येईल. भरतीने चिखल बुडाला की फ्लेमिंगो नेरूळच्या तळ्यांकडे सरकतात, रात्रीसुद्धा. म्हणजे मोजणीही भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानेच हवी. धडकून पडलेला पक्षी पाण्याबरोबर वाहून जातो, तेव्हा तारांवरच धक्का टिपणारे सेन्सर बसवावे लागतील. दोन मनोऱ्यांमधल्या काही तारांना पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावायच्या, काही तशाच ठेवायच्या, आणि दोन-तीन हंगाम फरक बघायचा.