नायट्रोजनयुक्त टिटॅनियम डायऑक्साइड

दृश्य प्रकाशातही प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाश शोषून रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) म्हणून चालावा यासाठी स्फटिकात नायट्रोजनचे थोडे अणू घालून (डोपिंग करून) बनवलेला टिटॅनियम डायऑक्साइड. मूळ पांढरी पूड भिंतीच्या रंगात आणि टूथपेस्टमध्येही असते. फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये तिच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखवले, तेव्हापासून तिला उत्प्रेरक म्हणून भाव आला.

अडचण ऊर्जाअंतराची, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणाऱ्या किमान ऊर्जेची. अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपात ते सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा प्रकाश वायाच जातो. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. नायट्रोजन ऑक्सिजनच्या जागी बसला किंवा जाळीतल्या फटीत शिरला, की संयुजा पट्ट्याच्या (इलेक्ट्रॉन मुळात ज्या ऊर्जापातळ्यांत असतात त्यांच्या) लगेच वर नव्या पातळ्या तयार होतात आणि तिथला इलेक्ट्रॉन निळ्या प्रकाशानेही वर जातो. सातो यांना हा परिणाम १९८६ मध्येच दिसला होता. गाजला मात्र तो २००१ मध्ये, टोयोटाच्या संशोधन केंद्रातील आसाही व सहकाऱ्यांच्या निबंधानंतर.

साध्या प्रयोगशाळेत सोल-जेल (द्रावणातून जेल बनवण्याची) पद्धत सोयीची. टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड अल्कोहोलमध्ये घेऊन त्यात अ‍ॅसिटिक आम्ल घालून क्रियेचा वेग आवरतात, कारण आयसोप्रोपॉक्साइड पाण्यावर टपलेलेच असते: पावसाळी हवेत बाटली उघडली तरी तोंडाशी पांढरा थर धरतो. मग नायट्रोजन पुरवणाऱ्या युरियाचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. जेल वाळवून खलात घोटतात आणि ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजतात. फिकट पिवळी पूड मिळते. आच कमी पडली तर सेंद्रिय अवशेष राहून ती तपकिरी दिसते. जास्त झाली तर नायट्रोजन निघून जातो, पूड पुन्हा पांढरी पडते आणि अ‍ॅनाटेजचे रुटाइल हे दुसरे स्फटिकरूप होऊ लागते.

पिवळा रंग म्हणजे काम फत्ते, असे नव्हे. नायट्रोजन जास्त झाला तर ऑक्सिजनच्या जागा रित्या पडतात आणि तिथेच इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉन वर गेल्याने उरलेली रिकामी जागा) पुन्हा एकत्र येऊन संपतात. चाचणीतही फसगत होते. मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे निळे पाणी फिके होताना छान दिसते, पण हा रंग स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. तेव्हा श्रेय पुडीचे की रंगाचे, हे ठरत नाही. केवळ त्यावर केलेला दावा कच्चाच समजावा. फिनॉलसारखे रंगहीन द्रव्य घ्यावे, दिव्यापुढे ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारी काच लावावी आणि आधी अर्धा तास मिश्रण अंधारात ढवळावे, म्हणजे पुडीला नुसते चिकटलेले फिनॉल विघटनाच्या हिशेबात येत नाही.