रिफ्रेश मारून संगणक वेगवान होत नाही

म्हापशापासून काणकोणपर्यंत आजही सल्ला मिळतो: संगणक अडखळला की चारदा रिफ्रेश मारा. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन तेवढे नव्याने दिसतात. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, रिकामी होत नाही.

विंडो ओढताना अडखळत सरकते? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) बसलेला नाही. चित्र काढायचे ओझे प्रोसेसरवर पडते. ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्या.

हार्ड डिस्कचा दिवा विझतच नसेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांवर नि डिस्क १०० टक्के असेल, तर बहुधा रॅम अपुरी पडून विंडोज पेजफाइलमध्ये (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) लिहीत बसले आहे. ४ जीबीची ८ करा. मेमरी मोकळी असूनही डिस्क तासन्‌तास १०० टक्केच? डिस्क निकामी होत असू शकते. आधी बॅकअप घ्या, मगच बाकीचे.